टॅपेटवाले तावडे

शेजाऱ्याबद्दल वाईट लिहू नये, असं माझी आई म्हणते. मी तिला विचारलं, मग तावड्यांबद्दल चांगलं काय लिहू ते तूच सांग. तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "आवाज चांगला होता त्यांचा. आरती छान म्हणायचे."

हे खरं आहे. तावड्यांचा आवाज भरदार होता. गणपतीत त्यांनी आरती उचलली की बाकीच्यांना नुसत्या टाळ्या वाजवायचं काम उरायचं. पण मला त्यांचा तो आवाज आठवत नाही. मला आठवतं ते त्यांचं सकाळचं खाकरणं. मुलुंड पूर्वेच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तावड्यांचं घर आमच्या दारासमोर होतं. त्यांचं बेसिन दाराला लागूनच, आणि दार सकाळी सताड उघडं. घशाच्या तळातून काहीतरी ओढून वर काढायचं, तोंडात घोळवायचं, थुंकायचं, मग वाकून ते काय निघालं ते बघायचं. हा कार्यक्रम मी डबे भरत असताना चालायचा. मी लग्न होऊन आमच्या घरात आले तेव्हापासून बिल्डिंग सोडेपर्यंत एकही सकाळ त्यातून सुटली नाही.

तावडे विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. स्टोअरमध्ये कारकून. कामगारांना हत्यारं द्यायची, सही घ्यायची, संध्याकाळी परत जमा करायची. मशीनला हात लावायची वेळ त्यांच्यावर कधी आली नसावी. पण बोलताना ते "आम्ही कारखान्यात" अशी सुरुवात करायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, अर्धा कारखाना यांच्याच खांद्यावर उभा होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी बिल्डिंगमधल्या गाड्यांवर लक्ष केंद्रित केलं.

त्यातही सगळ्या गाडीवर नाही. पंक्चर, ब्रेक, बॅटरी ही त्यांच्या मते पोरासोरांची कामं. त्यांचा विषय एकच, टॅपेट. इंजिनच्या डोक्यावर झाकण असतं, त्याखाली दोन व्हॉल्व्ह. एकातून पेट्रोल-हवा आत जाते, दुसऱ्यातून धूर बाहेर. त्या व्हॉल्व्हच्या टोकाशी अगदी कागदाएवढी फट ठेवायची असते. गाडी चालून चालून ती कमी-जास्त होते, मग ती मोजून स्क्रू फिरवून पुन्हा नीट करायची, याला आपल्याकडे टॅपेट सेटिंग म्हणतात. फट मोजायला फिलर गेज लागतं. पातळ पोलादी पात्यांची जुडी असते ती, प्रत्येक पातं वेगळ्या जाडीचं. तावड्यांचं फिलर गेज शर्टच्या खिशात पेनाशेजारी असायचं. डॉक्टरच्या गळ्यातल्या नळीसारखं ते सगळ्यांना दिसलं पाहिजे.

त्यातलं सगळ्यात पातळ पातं ते दात कोरायला वापरत. जेवून गॅलरीत उभं राहायचं, पातं दाढेत घालायचं, निघालेलं बोटावर घेऊन बघायचं, खाली कंपाउंडमध्ये टिचकीने उडवायचं, पातं लेंग्याला पुसून परत जुडीत. रविवारी तेच पातं कुणाच्या तरी इंजिनात जायचं. माझा नवरा नितीन हसायचा. मला हसू येत नसे. घरं समोरासमोर असली तरी दोघांच्या गॅलऱ्या कंपाउंडच्या बाजूला शेजारी-शेजारी होत्या, त्यामुळे दाढेतून काय निघालं तेसुद्धा मला दिसायचं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "इंजिन म्हणजे पोट हो. वरून काय घालता त्याला महत्त्व नाही, आत काय अडकलंय ते बघा." हे ते समोरचा जेवत असतानाच सांगायचे. पुढे स्वतःच्या पोटाचा सविस्तर हालहवाल यायचा.

आमच्या घरी एकदा सत्यनारायण होता. तावडे सकाळी कुणाची तरी गाडी उघडून तसेच वर आले आणि कुणी न सांगता प्रसादाच्या पातेल्याशी जाऊन बसले. शिरा वाटायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. प्रत्येकाच्या हातावर ते बोटांनी मुटका दाबून ठेवत होते, आणि प्रत्येक मुटक्यावर त्यांच्या नखाची काळी कोर उमटत होती. ऑइल असं हात धुतल्याने जात नाही, आणि त्यांनी हात धुतले होते असंही मला वाटत नाही. प्रसाद टाकता येत नाही. मी माझा मुटका मुठीत धरून आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. शेवटी तुळशीच्या कुंडीत ठेवला. मुंग्यांनी तो नेला. बाकीच्यांनी खाल्ला. पाहुण्यांतल्या एका बाईंनी तर परत मागून घेतला.

मंदाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या दिवशी माझ्यासोबत ओट्याशी होत्या. त्यांनी माझी मूठ बघितली आणि कुंडीच्या दिशेने मान हलवली. कल्पना त्यांचीच.

मंदाकाकू बारीक चणीच्या, मालवणकडच्या. घरात असताना त्यांचा आवाज म्हणजे फोडणीचा आवाज, एवढाच आम्हाला माहीत होता. त्या बोलायला लागल्या की तावडे घशातून एक "हं" काढायचे आणि त्या अर्ध्यावर थांबायच्या. रविवारी तावडे खाली गाडी उघडून बसले की काकू बॅटरी धरून त्यांच्या मागे वाकून उभ्या. तावडे त्यांच्याकडे बघायचे नाहीत. "उजेड," म्हणायचे. बॅटरी जरा हलली की पुन्हा "उजेड." मग "कापड." कापड म्हणजे काकूंच्याच जुन्या साडीचा तुकडा. तो ऑइलने भरला की धुऊन घरच्या कपड्यांच्या दोरीवर वाळत पडायचा.

तावड्यांनी टॅपेट सेट केलेली गाडी लगेच ओळखू यायची. आवाज जायचा. चांगल्या गाडीच्या इंजिनात बारीक टिकटिक असते, शिवणयंत्र लांबून ऐकू यावं तशी. तावड्यांना ती टिकटिक म्हणजे रोग वाटायचा. निदान तसं ते म्हणायचे. खाली कुणी गाडी सुरू केली की गॅलरीतून ओरडायचे, "ऐकलंत का? सडलंय आत सगळं. रविवारी आणा." रविवारी झाकण उघडायचं, स्क्रू आवळायचा, झाकण लावायचं. गाडी गप्प. मालक खूश. काका, झकास झालं, लोण्यासारखी चालते. तावडे मान एका बाजूला टाकून ते ऐकत राहायचे आणि मग सगळ्यांदेखत कान खाजवायचे.

तळमजल्यावरच्या डिसोझांची मोटरसायकल अशी लोण्यासारखी झाली. त्यांनी नाताळात तावड्यांना केक आणून दिला. उन्हाळ्यापर्यंत गाडीने दम सोडला. सकाळी सुरू व्हायला त्रास, चढावर ओढ नाही, मध्येच बंद. डिसोझा विचारायला वर आले तेव्हा मी दारातच होते. तावडे म्हणाले, पेट्रोलमध्ये भेसळ आहे, पंप बदला. डिसोझांनी पंप बदलला. मग तावडे म्हणाले, तुमची चालवायची पद्धत चुकीची आहे. डिसोझांनी शेवटी ती गाडी मिळेल त्या भावात फुंकून टाकली. त्यावर तावडे नितीनला म्हणाले, "वस्तू सांभाळायला अक्कल लागते." केक खाल्ला होता त्याची आठवणही चेहऱ्यावर नव्हती.

आमच्या मोटरसायकलला नितीनने हात लावू दिला नाही. कारण मी त्याला सांगितलं होतं, ते दाढेतलं पातं आपल्या गाडीत जाणार नाही. गाडी वाचली ती माझ्या किळसेमुळे. मला इंजिनातलं तेव्हा काही कळत नव्हतं.

हिराबाई वाचली नाही.

हिराबाई खाडीकडच्या कोळीवाड्यातली. आमच्या बिल्डिंगला मासळी तीच द्यायची. पूर्वी टोपली डोक्यावर घेऊन यायची, पुढे मानेने साथ सोडली तेव्हा तिने स्कूटर घेतली. पायाशी बर्फाचा क्रेट, मागे दुसरा. पहाटे धक्क्यावरून माल उचलायचा आणि दुपारच्या आत आमच्यासारख्या आठ-दहा सोसायट्या उरकायच्या. तिचं सगळं घर त्या स्कूटरवर चालायचं. एकदा ती गेटातून शिरताना तावड्यांनी गॅलरीतून तिलाही ऐकवलं, सडलंय आत सगळं. ती घाबरली. ते तिथल्या तिथे खाली उतरले. रविवारचीही वाट बघितली नाही. ती वर-खाली मासळी विकेपर्यंत त्यांनी स्कूटर उघडली, आवळली आणि लावून दिली. काकू बॅटरी घेऊन होत्याच.

मजुरी त्यांनी घेतली नाही. तसं ते सगळ्यांना सांगायचेही. पण त्या दिवशी हिराबाईने प्रेमाने एक पापलेट दिलं, आणि पुढच्या खेपेपासून ते पापलेट त्यांचा हक्क झाला. ती आली की ते स्वतः खाली जायचे, बोटाने कल्ले उघडून बघायचे, दाबून बघायचे, तिसरं-चौथं उचलायचे. "गाडी कशी चालतेय?" असं विचारायचे. ती म्हणायची, चांगली चालते, आवाज नाही. "मग," म्हणायचे आणि पापलेट घेऊन वर. हिराबाई नंतर मला कोलंबी मोजून देताना ते गेले त्या जिन्याकडे बघायची.

मग एक दिवस ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी उशिरा आली ती टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून. स्कूटर टेम्पोत आडवी घातलेली, बाजूला दोन्ही क्रेट. आदल्या सकाळी गाडी हायवेवर बंद पडली होती. पुन्हा सुरूच झाली नाही. उन्हात बर्फाचं पाणी झालं आणि माल गेला. घरी नेऊन पोराबाळांनी किक मारमारून बघितली. ते क्रेट तिने अजून रिकामे केले नव्हते. का, ते मला माहीत नाही. कदाचित हात झाला नसेल. टेम्पो कंपाउंडात थांबला आणि वास थेट चौथ्या मजल्यापर्यंत चढला. लोक गॅलऱ्यांत आले.

हिराबाई आमच्याशी आमच्यासारखं बोलायची, पण त्या दिवशी तिची भाषा तिच्या हातात नव्हती. तावडे खाली उतरले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काका, गारी बंद परली. जरा बघा ना." तिने त्यांना दोष दिला नव्हता. तिला कुठे ठाऊक होतं. ती त्यांना मदत मागायला आली होती.

तावड्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. त्या माणसाने, ज्याचं सकाळचं थुंकणं आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं होतं. रुमालातूनच ते बोलायला लागले. तुम्ही लोक गाडीवर ओझं किती लादता. पाणी ठिबकून ठिबकून इंजिनात जातं. पेट्रोल कुठलंही भरता. आणि हा वास. या गाडीला कुठला मेकॅनिक हात लावेल? मी होतो म्हणून लावला.

मी खालीच होते, पिशवी हातात घेऊन. माझ्या शेजारी मंदाकाकू उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या. तावड्यांच्या घशातून तो "हं" आला. त्या थांबल्या नाहीत.

"हिरा, गाडी यांनी बिघडवली," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तू धक्क्यावरून आलीस तशी गरम गाडी उघडली. मीच बॅटरी धरली होती. रात्रभर थंड झाल्याशिवाय टॅपेटला हात लावायचा नाही आणि फट ठेवायचीच, हे सर्व्हिस सेंटरवाल्याने यांना माझ्यासमोर सांगितलंय. फट नसली तर व्हॉल्व्ह मिटत नाही, जळतो. फट ठेवली की आवाज येतो. आवाज आला तर लोक वाहवा करत नाहीत. म्हणून हे आवळून टाकतात."

डिसोझांनी विचारलं, कुठला सेंटरवाला?

"घाटकोपरचा," काकू म्हणाल्या. "यांची स्वतःची गाडी तिथे जाते. इथे कुणाला दिसू नये म्हणून तिथवर. मी मागे बसून जाते. यांनी स्वतःच्या गाडीचं झाकण आजवर उघडलेलं नाही."

तावड्यांचा रुमाल नाकावरच होता. मला वाटलं ते आता ओरडतील. त्यांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली, खिशातलं फिलर गेज चाचपलं आणि जिना चढून गेले. दार लावल्याचा आवाज आला.

माणूस चुकतो, हे मी समजू शकते. न येणारं काम येतं म्हणून करणारे आपल्या आसपास ढिगाने आहेत. पण यांना माहीत होतं. काय केलं तर नासतं हे समजून घेऊन ते दुसऱ्यांच्या गाड्यांत करत होते, स्वतःची तेवढी वाचवून, आणि वर नासलेलं कुणाचं ते सांगत होते. दाढेतलं पातं, शिऱ्यातली नखं यांची मला किळस होती, पण ती अंगावरची होती, तोंड फिरवलं की जायची. ही गेली नाही. त्या दिवसापासून त्यांनी धरलेल्या कठड्याला मी हात लावला नाही.

हिराबाईची स्कूटर तिच्या वस्तीजवळच्या एका गॅरेजात उघडली. धुराचा व्हॉल्व्ह कडेने जळला होता. नवा टाकावा लागला. तोवर ती रिक्षाने अर्धाच माल घेऊन येत राहिली. तावड्यांना काही बोलली नाही. फक्त आमच्या जिन्याखाली आली की "मंदाताई" अशी हाक मारायची. काकू स्वतः उतरून यायच्या, पैसे देऊन मासे घ्यायच्या. पापलेट कधी घेतलं नाही. बांगडे न्यायच्या.

घरात काय झालं ते काकूंनीच मला सांगितलं, कारण त्या संध्याकाळी माझ्याकडे चहाला येऊ लागल्या होत्या. भांडण वगैरे काही नाही. तावड्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट समोर ठेवलं की जेवायचे. मी काकूंना विचारलं, डिसोझांच्या वेळी का नाही बोललात? त्या म्हणाल्या, तेव्हा वाटायचं, गाडीच तर आहे. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "तिची मासळी मी साफ करत होते आणि हे काटे चोखून खात होते. मग त्याच नाकाला रुमाल कसा लावला यांनी? ते मला बघवलं नाही."

त्यांना पस्तावा झाला होता असं मला वाटलं नाही. हलकं वाटतंय असंही त्या म्हणाल्या नाहीत.

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. घर सोडणाऱ्यांत आम्ही पहिले. तो रविवार होता. आमचा टेम्पो खाली लागला होता, हमाल कपाट उतरवत होते, आणि निरोप द्यायला बरेच लोक खाली किंवा गॅलऱ्यांत जमले होते. इतकी माणसं एकत्र बघून तावड्यांच्या मनात काय आलं कोण जाणे. ते आपली मोटरसायकल ढकलत कंपाउंडच्या मध्यभागी घेऊन आले, स्टँडवर लावली, शेजारी पाट मांडून बसले आणि कुणाकडेही न बघता मोठ्याने म्हणाले, "रात्रभर थंड आहे. कालपासून चालवलेली नाही."

हमालसुद्धा थांबले. तावड्यांनी झाकणाचे बोल्ट काढले. झाकण निघालं तसं त्यांनी सवयीने म्हटलं, "उजेड." मागे कुणी नव्हतं. मंदाकाकू वर गॅलरीत कठड्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. तावड्यांनी मोबाईल काढला, त्याचा दिवा लावायचं बटण त्यांना सापडेना. मग तसेच वाकले.

त्यांनी मागचं चाक फिरवून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटतील अशी इंजिनची खूण जुळवली. फिलर गेजचं पातं फटीत घातलं, ओढून बघितलं. ते बहुतेक बरोबर बसलं असावं, कारण फट सेंटरवाल्यांनी ठेवलेलीच होती. आता नट सैल करून स्क्रू फिरवायचा, एवढंच राहिलं होतं. हेच काम त्यांनी आमच्यासमोर कितीतरी गाड्यांवर खाता-पिता बोलत केलं होतं. त्यांनी पाना नटावर लावला आणि तसाच धरून ठेवला. पाना फिरला नाही. त्यांच्या मानेवर घाम आला होता. टेम्पोजवळूनही तो मला दिसत होता. मला वाटलं होतं की हे बघून मला बरं वाटेल. नाही वाटलं. कुणाच्या तरी बाथरूमचं दार चुकून उघडावं तसं वाटलं. नजर मात्र मी वळवली नाही.

मग त्यांनी पाना काढला, झाकण परत ठेवलं आणि एकेक बोल्ट लावत गेले.

"बरोबर आहे," ते उठत म्हणाले. "काही करायची गरज नाही."

डिसोझा म्हणाले, "मग चालू करा ना, तावडे. टिकटिक ऐकू दे आम्हालाही."

तावड्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. हात पँटला पुसले आणि वर गॅलरीकडे बघितलं. कित्येक महिन्यांत त्यांनी बायकोशी पहिल्यांदाच बोललेले शब्द मग सगळ्या बिल्डिंगने ऐकले. "चहा टाक," ते म्हणाले.

"दूध संपलंय," मंदाकाकू वरून म्हणाल्या. "घेऊन या."

तावडे थोडा वेळ गाडीजवळ उभे राहिले. डेअरी स्टेशनच्या पलीकडे होती आणि ऊन चांगलंच चढलं होतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली. गाडीकडे बघितलं, आम्हा सगळ्यांकडे बघितलं. किल्ली परत खिशात टाकली, आणि दूध आणायला ते गेटातून चालत बाहेर गेले.